वेरूळची हिंदू लेणी कशी पाहावीत : एका कथेचे बोट धरून

वेरूळला पहिल्यांदा जाणारी बहुतेक मंडळी प्रवेशद्वारातून थेट कैलास लेण्यात शिरतात, तासाभरात थकतात आणि उरलेली लेणी घाईघाईने उरकून परत निघतात. मीही पहिल्या खेपेला तसेच केले होते, आणि घरी आल्यावर कोणते शिल्प कोणत्या लेण्यात पाहिले हे काही केल्या आठवेना. त्यानंतरच्या फेऱ्यांत हळूहळू एक पद्धत हाती लागली. शिल्पाचा किंवा मूर्तिशास्त्राचा अभ्यास नसलेल्या, परंतु मन लावून पाहण्याची इच्छा असलेल्या वाचकांसाठी ती पद्धत येथे पायरीपायरीने मांडत आहे. तिचा गाभा असा : सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा, एकच कथा निवडावी, आणि ती कथा निरनिराळ्या काळांतील कारागिरांनी एकाच डोंगरात कशी कोरली, हे एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात जात पाहावे.

वेरूळच्या डोंगरात अशी एक कथा पुन्हा पुन्हा भेटते. रावण कैलास पर्वत उचलू पाहतो, पर्वत हादरतो, पार्वती भयाने शंकराला बिलगते आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून रावणाला खाली जखडून टाकतो. गर्व उतरलेला रावण दीर्घकाळ स्तुती करतो आणि शेवटी त्याच्यावर कृपा होते, म्हणून मूर्तिशास्त्रात या शिल्पाला ‘रावणानुग्रह’ म्हणतात. लेणे क्रमांक २१, २९, १४, १५ आणि १६ या पाचही लेण्यांत हा प्रसंग आहे, आणि याच क्रमाने ती पाहिली तर सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा प्रवास एका दिवसात घडतो.

पहिली पायरी : जाण्यापूर्वी

वेरूळ छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. लेणी मंगळवारी बंद असतात, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात ठेवावी, कारण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि दोन्हींचा बेत एकत्र आखताना हमखास घोटाळा होतो. क्रमांक दिलेली लेणी ३४ आहेत. दक्षिणेकडून मोजत गेल्यास १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, अशी त्यांची विभागणी आहे. हे क्रमांक जागेनुसार दिलेले आहेत, काळानुसार नव्हे. म्हणूनच २१ क्रमांकाचे लेणे १६ क्रमांकाच्या कैलासापेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी जुने आहे, हे वाचून गोंधळून जाऊ नये.

सोबत एक लहान वही, पेन्सिल, पाणी आणि साधी बॅटरी असावी. बॅटरीचा झोत शिल्पावर समोरून टाकू नये, कारण समोरच्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसते. झोत बाजूने, शिल्पाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. मग गालाचा उंचवटा, कमरेची वळी, दागिन्याची कड असे सगळे सावलीने उठून येते. दुर्बीण असल्यास कैलासाच्या वरच्या भागातील शिल्पांसाठी तिचा फार उपयोग होतो. शिल्पांना हात लावू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. हजारो हातांच्या स्पर्शाने दगड काळवंडून गुळगुळीत झालेल्या जागा तेथे गेल्यावर आपोआप दिसतील.

उजेडाचा विचार करूनच वेळापत्रक आखावे. डोंगराचा हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे बहुतेक लेण्यांत सकाळी आतला भाग मंद असतो आणि दुपारनंतर ऊन आत शिरू लागते. सकाळी २१ आणि २९, दुपारी १४ आणि १५, तिसऱ्या प्रहरी कैलास, आणि ऊन उतरताना पुन्हा एकदा २१, असा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

दुसरी पायरी : आधी दगड पाहावा

मूर्ती ओळखण्याच्या आधी दगडाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. हा दख्खनचा काळा कातळ आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला बेसाल्ट. बांधीव देवळात दगड घडवून एकावर एक रचतात आणि एखादा बिघडला तर बदलतात. लेण्यात हे शक्य नसते. जे नको आहे ते काढून टाकत जायचे आणि जे उरेल ते शिल्प, असा हा व्यवहार असल्यामुळे काढलेला दगड परत जोडता येत नाही. कोणत्या जागी नाक येणार, कोणत्या जागी गुडघा येणार, हे पहिला घाव घालण्याच्या आधी ठरलेले असावे लागते.

काम वरून खाली आणि बाहेरून आत चालत असे. छत आधी, जमीन शेवटी, त्यामुळे उंच परांची बांधण्याची गरज फारशी पडत नसे, कारण खालचा न कोरलेला कातळच कारागिराच्या पायाखालचा ओटा असे. एखाद्या अर्धवट राहिलेल्या लेण्यात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात बॅटरी तिरपी धरून पाहिल्यास छिन्नीचे तिरके, समांतर घाव स्पष्ट दिसतात. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही आपली म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो, पण त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर तिचा मूळ अर्थ डोळ्यांपुढे येतो. एकेका घावाने निघणारी कपची जेमतेम बोटाच्या पेराएवढी असते, आणि अशा कपच्या काढत काढत माणसांनी डोंगराचे देऊळ केले. हे लेणे माणसांनी कोरले नसावे अशा कथा अधूनमधून पसरत असतात. त्यांना उत्तर द्यायचे तर या घावांकडे बोट दाखवावे, तेवढे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज आपल्याला दिसतो तो उघडा, करडा कातळ मूळ स्वरूपात तसा नव्हता. अनेक शिल्पांवर चुन्याचा पातळ गिलावा आणि त्यावर रंग होता. कैलासाच्या वरच्या भागातील छतांवर आणि कोनाड्यांत त्याचे अवशेष अजून टिकून आहेत. शिल्पाचा एखादा भाग ओबडधोबड वाटला तर तो गिलाव्यासाठी मुद्दाम खरबरीत ठेवलेला असू शकतो, हे मनाशी धरून मगच मत बनवावे.

तिसरी पायरी : देव ओळखण्याची रीत

नवखा माणूस प्रथम चेहरा पाहतो, आणि तेथेच अडतो, कारण चेहरे पुष्कळदा झिजलेले किंवा फुटलेले असतात. म्हणून पाहण्याची सुरुवात पायांपासून करावी. पायाशी कोणते वाहन आहे, मग हातांत काय आहे, मग मस्तकावर काय आहे आणि सर्वांत शेवटी चेहरा, असा क्रम ठेवावा.

नंदी, त्रिशूळ, नाग, जटांचा मुकुट आणि त्यातील चंद्रकोर दिसली की शंकर. उंच नळकांडी किरीट, शंख, चक्र, गदा दिसली की विष्णू. वराहाचे तोंड आणि उचलून धरलेली पृथ्वी दिसली की वराह अवतार, आणि एक पाय थेट आकाशाकडे फेकलेला असेल तर त्रिविक्रम. मकरावर उभी असलेली गंगा आणि कासवावर उभी असलेली यमुना. रेड्याशी झुंजणारी देवी ही महिषासुरमर्दिनी, हे तर आपल्याला सांगावे लागत नाही.

सप्तमातृका ओळखणे नवख्यांना अवघड जाते, पण खरे तर तो सर्वांत सोपा भाग आहे. ओळीने बसलेल्या सात देवी, बहुधा जवळ बालक, एका टोकाला गणपती आणि दुसऱ्या टोकाला वीरभद्र, असा पट दिसला की थेट आसनांखाली पाहावे. तेथे प्रत्येकीचे वाहन कोरलेले असते : ब्राह्मीचा हंस, माहेश्वरीचा नंदी, कौमारीचा मोर, वैष्णवीचा गरुड, वाराहीचा वराह, इंद्राणीचा हत्ती. सातवी चामुंडा तिच्या हाडकुळ्या शरीरावरूनच ओळखू येते. ज्यांच्या घरी सात आसरांना किंवा गावदेवीला नैवेद्य दाखवण्याची रीत आहे, अशा वाचकांना या ओळीपुढे उभे राहिल्यावर काहीतरी ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही, जरी आसरा आणि मातृका या दोन परंपरा एकच आहेत असे म्हणता येणार नाही.

चौथी पायरी : लेणे क्रमांक २१, रामेश्वर

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच्या कैलासाकडे पाठ फिरवणे जड जाते, तरी तसे करावे आणि डावीकडे वळून उत्तरेकडच्या २१ क्रमांकाच्या लेण्याकडे चालू लागावे. हे लेणे सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. याच्या पुढ्यात झालेल्या उत्खननात कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मिळाली आणि काळ ठरवण्याच्या कामी त्यांचा आधार झाला. अंगणात उंच ओट्यावर नंदी आहे, ओसरीच्या स्तंभांवर झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्रियांची शिल्पे आहेत, आणि दर्शनी भागाच्या दोन टोकांना गंगा आणि यमुना आहेत. गंगेकडे आत्ता फक्त एकदा पाहून घ्यावे. तिच्याकडे संध्याकाळी परत यायचे आहे.

येथील रावणानुग्रहाचा पट पाहताना वहीत एक आडवी रेघ मारावी आणि वर ‘कैलास’, खाली ‘रावण’ असे लिहावे. मग स्वतःला प्रश्न विचारावेत. एकूण उंचीपैकी रावणाला किती जागा मिळाली आहे? त्याची पाठ दिसते की छाती? शंकराचे लक्ष खाली आहे की पार्वतीकडे? पर्वत कशाने दाखवला आहे? या चार प्रश्नांची उत्तरे पुढच्या प्रत्येक लेण्यात लिहायची आहेत, म्हणून आत्ताच थोडा वेळ द्यावा. दहा मिनिटे एका शिल्पापुढे गप्प उभे राहणे सुरुवातीला अवघड वाटते, परंतु पाचव्या मिनिटानंतर जे दिसू लागते ते पहिल्या मिनिटात दिसत नाही.

त्याच लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत असल्याचा पट आहे. वर देव-देवी खेळात रंगलेली आणि खाली गणांची टोळी नंदीला छळण्यात दंग, असा तो प्रसंग आहे. येथे मुद्दाम थांबावे, कारण या काळच्या शिल्पकाराची मोठी खूण येथे कळते. त्याला देवांचा संसार दाखवायचा आहे, आणि संसारात खोडकर पोरे असतातच, म्हणून पटाचा खालचा भाग तो त्यांना देऊन टाकतो. वरच्या भागात जो ठेहराव आहे तो खालच्या दंग्यामुळे अधिक जाणवतो.

ओसरीच्या टोकांच्या दालनांपैकी एकात शंकर-पार्वतीच्या विवाहाचा विस्तृत पट आहे. त्यात पार्वतीचे तप आहे, हिमालयाकडे घातलेली मागणी आहे आणि मध्यभागी पाणिग्रहण आहे. दोन्ही हातांच्या भेटीच्या जागी बॅटरीचा तिरपा झोत धरून पाहावे. नवऱ्या मुलीची मान किंचित खाली झुकलेली आहे, आणि मंगलाष्टके संपल्यानंतरचा तो क्षण आपण कितीतरी मांडवांत पाहिलेला असल्यामुळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. दुसऱ्या दालनात सप्तमातृका आहेत, नाचणारा शंकर आहे आणि काल-काली यांचे हाडांचे सापळे आहेत. एवढ्या तरल विवाहपटाच्या समोर एवढे भीषण सापळे कोरण्याचे धाडस त्या मंडळींनी कसे केले असेल, याचा विचार करत मी प्रत्येक वेळी तेथून बाहेर पडतो.

पाचवी पायरी : लेणे क्रमांक २९, धुमार लेणे

हे लेणे उत्तरेला बरेच दूर, येळगंगेच्या धबधब्याजवळ आहे, म्हणून वाहनाने जाणे बरे. पावसाळ्यात धबधबा भरून वाहतो तेव्हा त्याचा आवाज सभामंडपात भरून राहतो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह आहेत. या लेण्याचा आराखडा मुंबईजवळच्या घारापुरीच्या मुख्य लेण्याशी फार जुळतो : तीन बाजूंनी उघडा असलेला विस्तीर्ण मंडप, आणि त्यात चार दारांचे मोकळे गर्भगृह, प्रत्येक दाराशी माणसाच्या कितीतरी पट उंच द्वारपाल. तीन बाजूंनी उजेड येत असल्यामुळे येथे सावल्या दिवसभर सरकत राहतात आणि एकच शिल्प तासाभराने वेगळे दिसते.

येथील शिल्पांचा आकार २१ च्या मानाने प्रचंड आहे. रावणानुग्रह, अंधकासुराचा वध, विवाह, सारीपाट, नृत्य आणि योगी रूपातील शंकर असे मोजकेच पट आहेत, पण प्रत्येक पट भिंतीचा संपूर्ण भाग व्यापतो. येथे रावणापुढे उभे राहताना अंतराचा प्रयोग करावा. आधी अगदी जवळ जावे, मग दहा पावले मागे यावे, मग मंडपाच्या मध्यापर्यंत मागे सरावे. जवळून अंगे थोडी जड, ठोकळेबाज वाटतात. लांबून, स्तंभांच्या चौकटीतून, तीच अंगे पर्वतासारखी भारदस्त दिसतात. शिल्पकाराने कोणत्या अंतरासाठी कोरले हे समजल्यावाचून शिल्पाला चांगले-वाईट म्हणणे म्हणजे दुरून ऐकायचा चौघडा कानाशी लावून ऐकण्यासारखे आहे.

सहावी पायरी : लेणे क्रमांक १४, ‘रावण की खाई’

परत येऊन कैलास ओलांडावा आणि दक्षिणेकडच्या १४ क्रमांकात जावे. हे लेणे सातव्या शतकातील मानले जाते आणि त्याचे लोकांनी ठेवलेले नाव याच कथेवरून आले आहे, म्हणजे ही वाट आपल्या आधी पुष्कळांनी धरली होती. नवख्यांसाठी माझ्या मते हे वेरूळचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे, कारण सगळी मांडणी स्वच्छ आहे. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर देवी, गजलक्ष्मी, वराह आणि लक्ष्मीसह विष्णू असे पट, तर उजव्या भिंतीवर महिषासुरमर्दिनी, सारीपाट, नृत्य, रावणानुग्रह आणि अंधकासुरवध असे पट ओळीने लावलेले आहेत, आणि दोन पटांच्या मध्ये भिंतीत कोरलेले अर्धस्तंभ असल्यामुळे एक प्रसंग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे लगेच कळते. मागे, प्रदक्षिणेच्या वाटेवर, वाहनांसह सप्तमातृका आहेत. तिसऱ्या पायरीत सांगितलेली ओळख येथे तपासून पाहावी. सातपैकी पाच जणी ओळखता आल्या तरी समाधान मानावे.

सातवी पायरी : लेणे क्रमांक १५, दशावतार

आता आठवे शतक. अंगणात एकाच कातळातून कोरलेला सुटा मंडप आहे आणि त्याच्यावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. राष्ट्रकूटांची वंशावळ त्यात दिलेली असल्यामुळे वेरूळच्या इतिहासात या लेखाला मोठे मोल आहे. लेणे दुमजली आहे. मुळात ते बौद्ध विहार म्हणून सुरू झाले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. खालच्या मजल्यावर रेंगाळू नये, जिना चढून थेट वर जावे.

वरच्या विस्तीर्ण मंडपाच्या भिंतींत खोल कोनाडे आहेत. डाव्या बाजूला मुख्यतः शिवाचे प्रसंग, उजव्या बाजूला विष्णूचे, आणि मागच्या भिंतीवर मार्कंडेयाला यमापासून सोडवणारा शंकर, लिंगातून प्रकट होणारा शंकर, त्रिपुरांवर बाण सोडणारा शंकर असे अनेक पट आहेत. रावण येथेही डाव्या भिंतीवर भेटतो. त्याच्याबद्दलच्या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

पण या लेण्यात माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो उजव्या भिंतीवरील नरसिंहापुढे. आपल्या डोळ्यांपुढे नरसिंहाचे जे चित्र असते त्यात हिरण्यकशिपू मांडीवर आडवा आणि पोट फाडलेला असतो, म्हणजे सगळे संपलेले असते. येथे काहीच संपलेले नाही. हिरण्यकशिपू अजून उभा आहे, सशस्त्र आहे, लढण्याच्या पवित्र्यात आहे, आणि नरसिंहाचा हात नुकताच त्याच्यावर पडला आहे. दोघांची अंगे एकमेकांकडे झेपावतात आणि त्याच क्षणी दैत्याचे अंग किंचित मागे कलू लागते. त्या कलण्यात पुढचे सगळे आले. शिल्पकाराने कथेचा शेवट न निवडता शेवटाच्या आधीचा श्वास निवडला, आणि राष्ट्रकूट काळाच्या शिल्पाची ताकद समजून घेण्यासाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. २१ मधील पटांत आकृत्या शांतपणे एकमेकींच्या शेजारी मांडलेल्या होत्या. येथे त्या एकमेकींवर आदळतात.

आठवी पायरी : कैलास

आता कैलासात शिरावे. प्रवेश करताच समोर कमळांच्या तळ्यात बसलेली गजलक्ष्मी आहे, तिच्यावर हत्ती पाण्याचे घडे रिते करीत आहेत. तिला पाहून डावी-उजवीकडे अंगण उलगडते. डोंगरात वरून चर खणून मधला प्रचंड ठोकळा सुटा केला आणि त्या ठोकळ्याचे द्रविड शैलीचे मंदिर कोरले. हे सारे आवार सुमारे ८२ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे, आणि मागचा कातळकडा सुमारे ३३ मीटर उंच आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने इ.स. ७५६ च्या सुमारास राज्य हाती घेतले आणि मंदिराचे श्रेय त्यालाच दिले जाते, त्याचा आधार म्हणजे बडोद्याला मिळालेला इ.स. ८१२-१३ चा ताम्रपट. विमानांतून जाणारे देवही हे मंदिर पाहून थक्क झाले आणि ते घडवणारा स्थपती स्वतःच, आपण हे कसे केले, म्हणून विस्मयात पडला, असे वर्णन त्यात आहे. राजाच्या स्तुतीने भरलेल्या ताम्रपटात एका कारागिराच्या मनातील आश्चर्याला जागा मिळावी, ही गोष्ट मला स्तुतीपेक्षा मोलाची वाटते.

अंगणात सुटे उभे असलेले हत्ती आणि सुमारे १५ मीटर उंचीचे दोन ध्वजस्तंभ पाहावेत, जोत्यावर मंदिराचा भार वाहणाऱ्या हत्ती-सिंहांची रांग पाहावी, आणि मग मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील कथापट शोधावेत : दक्षिणेला रामायण, उत्तरेला महाभारत आणि कृष्णकथा. हे पट आडव्या ओळींत, लहान लहान आकृत्यांनी भरलेले आहेत. चित्रकथी जसा एकेक पोथीपान उलगडत कथा सांगतो, तशी ओळीमागून ओळ वाचत जावी. लहान मुले सोबत असतील तर वानर शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. मोठ्यांच्या आधी त्यांना सापडतात. दक्षिणेकडच्याच भिंतीवर रावणावर झेपावणारा जटायू आहे, तोही चुकवू नये.

आणि आता ज्याच्यासाठी दिवसभर चाललो तो पट. दक्षिणेकडच्या अंगणात मंडपाच्या बाजूला, खालच्या भागात, रावणानुग्रहाचे शिल्प आहे. वही उघडावी आणि मागच्या चार लेण्यांतील उत्तरे समोर ठेवावीत. पूर्वी रावण पर्वताखाली कोरला होता. येथे तो पर्वतात शिरला आहे. शिल्पकाराने कातळ आत, खूप आत पोखरून एक अंधारी पोकळी केली आणि त्या पोकळीत रावणाला जवळजवळ सुटा उभा केला. त्याचे वीस हात चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे पसरून वरच्या कातळाला भिडलेले आहेत. पर्वत दाखवण्यासाठी आता खुणांची गरज उरलेली नाही, कारण त्याच्या डोक्यावर खराखुरा डोंगर आहे. शिल्पातल्या रावणाच्या अंगावरचे ओझे दगडाचेच आहे.

वर शंकर निवांत बसला आहे. पार्वती मागे रेलून त्याचा दंड घट्ट धरते, आणि तिच्या मागे एक दासी घाबरून पाठमोरी पळत सुटली आहे. ती दासी अंधारात अर्धी बुडालेली असल्यामुळे पहिल्या नजरेत दिसत नाही. बॅटरी बाजूने धरावी आणि ती सापडेपर्यंत शोधावे. खाली अंधार आणि धडपड, मध्ये हादरा, वर शांतता, असे तीन थर आहेत. तो हादरा वरपर्यंत पोचला आहे हे पार्वतीच्या आणि दासीच्या अंगावरून कळते, आणि त्याच्याही पलीकडे तो पोचलेला नाही हे शंकराच्या बसण्यावरून कळते. येथे आणखी एक गोष्ट मनाशी जुळवून पाहावी : हे मंदिरच कैलास आहे. म्हणजे शिल्पातला रावण जो पर्वत हलवू पाहतो, त्याच पर्वतावर, त्या मंदिराच्या गाभाऱ्यात, आपण थोड्या वेळाने जाणार आहोत. हा पट नेमका येथे, मंदिराच्या पायथ्याशी कोरण्यामागचा विचार त्या वेळी लख्ख कळतो.

वर मंदिरात जाऊन आल्यानंतर, अंगात त्राण असेल तर बाजूने टेकडीवर चढून मंदिर वरून पाहावे. मंडपाच्या छतावरचे मोठे कमळ आणि त्याच्याभोवतीचे चार सिंह तेथूनच नीट दिसतात, आणि काम वरून खाली कसे उतरत गेले असेल हेही तेथेच समजते. कड्याच्या अगदी जवळ जाऊ नये आणि मुलांचे हात सोडू नयेत.

नववी पायरी : पुढे कोठे जावे

एका कथेची सवय झाली की इतर ठिकाणे परकी राहत नाहीत. घारापुरीचे मुख्य लेणे सहाव्या शतकातील आहे. गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने तेथे जाता येते आणि ते सोमवारी बंद असते. तेथेही रावणानुग्रह आहे, पुष्कळ फुटलेला असला तरी वेरूळ पाहून गेलेल्या डोळ्यांना तो पुरा करता येतो. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवापुढे मात्र कोणतीही वही उघडू नये, नुसते बसावे. कर्नाटकात बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ.स. ५७८ चा चालुक्य मंगलेशाचा लेख आहे. काळ इतक्या नेमकेपणाने कळावा असे भाग्य फार थोड्या लेण्यांचे असते, म्हणून विष्णूच्या शिल्पांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी तेथून सुरुवात करावी.

वेरूळहून निघण्यापूर्वीचा अर्धा तास मात्र राखून ठेवावा आणि पुन्हा २१ क्रमांकाकडे चालत जावे. दिवसभर पश्चिमेकडे सरकत आलेले ऊन आता आडवे होऊन लेण्याच्या दर्शनी भागावर पडते. सकाळी करड्या भिंतीत मिसळून गेलेली गंगा आता भिंतीपासून सुटी होते. एका पायावरचा भार, कमरेचा बाक, खांद्याची उतरण आणि पायाखालचा मकर यांची एकच वळणदार रेघ होते, आणि नदी कोरायची झाली तर पाणी न दाखवताही ती कशी वाहती ठेवता येते, हे त्या रेघेत दिसते. बॅटरी पिशवीत ठेवून द्यावी. रखवालदार लेणी बंद होत असल्याची हाक देईपर्यंत तेथेच उभे राहावे.